उघड मोर्तब आणि गुप्त ठिपका

बुलढाणा जिल्ह्यांतील सिंदखेड राजा हें जिजाबाईंचें जन्मस्थान. त्यांच्या नांवाची स्वतंत्र मुद्रा तत्कालीन कागदांवर आढळते. त्या काळीं पत्र बहुधा कारकून लिही. त्याचें खरेपण मुद्रेवरून ठरे. शिवाजी महाराजांच्या पत्रांत मस्तकीं शिक्का उमटे आणि शेवटच्या अक्षरालगत मोर्तब होई. पत्राची मर्यादा येथें संपली, असा त्या मोर्तबाचा अर्थ. त्यापुढें कोणी एक ओळ वाढविली, तरी लबाडी तत्काळ उघडी पडे. ही खूण सर्वांनीं पाहावी म्हणूनच उमटविलेली असे.

आजच्या छापील कागदावर याच्या नेमकी उलट खूण असते. रंगीत छपाईचीं यंत्रें कचेऱ्यांत आलीं, तेव्हां त्यांवर बनावट नोटा निघतील ही धास्ती उत्पन्न झाली. म्हणून पुष्कळशा रंगीत लेसर यंत्रांत एक योजना करण्यांत आली. यंत्र प्रत्येक पृष्ठावर फिकट पिवळ्या ठिपक्यांची जाळी पुनःपुन्हा उमटवितें. ठिपक्याची रुंदी मिलिमीटरच्या सुमारें एक दशांश. पांढऱ्या कागदावर तो डोळ्यांस दिसत नाहीं. निळा प्रकाश व भिंग घेतलें म्हणजे तो काळसर उठून दिसतो.

२००५ सालीं इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकन संस्थेनें झेरॉक्सच्या डॉक्युकलर यंत्रांची ही सांकेतिक लिपी उलगडली. आठ ओळी व पंधरा रकाने यांच्या चौकटींत यंत्राचा अनुक्रमांक आणि छपाईची तारीख व वेळ सांठविलेली होती. पुढें २०१७ सालीं अमेरिकेंत एक गुप्त सरकारी कागद वृत्तपत्रकारांच्या हातीं जाऊन प्रसिद्ध झाला, तेव्हां त्यावरही हे ठिपके सांपडले. तो ९ मे रोजीं छापल्याचें ते सांगत होते.

अनुक्रमांकावरून एकदम माणसाचें नांव कळत नाहीं, हें खरें. परंतु यंत्राच्या विक्रीची किंवा वापराची नोंद ज्याच्या हातीं असेल, त्यास माग काढणें सुलभ होतें. खोट्या नोटांचा बंदोबस्त हवाच. तथापि नोट छापणारा लुच्चा आणि अन्यायाविरुद्ध निनावी अर्ज छापणारा गरीब नोकर यांत यंत्र भेद करीत नाहीं. दोघांच्याही कागदावर तें तीच खूण सोडतें.

शिक्कामोर्तब करणारा आपला अधिकार चारचौघांत सांगे आणि त्याची जबाबदारीही पत्करी. पिवळा ठिपका मात्र कागदाच्या धन्यास न विचारतां त्याच्याविषयीं साक्ष देतो. जुन्या मुद्रेनें वाचणाऱ्याचें रक्षण केलें. नव्या खुणेनें लिहिणाऱ्यास निदान आपण तेथें आहों एवढें तरी सांगावयास हवें होतें.