बाजार-समतोलाचे गणित

एकमेकांपासून दूर असलेल्या बाजारपेठांत एखाद्या मालाचे भाव आणि त्यांच्यामधील मालाची ने-आण यांचा असा मेळ बसतो की, कोणाही विक्रेत्याला वा खरेदीदाराला आपला निर्णय बदलण्याचे कारण उरत नाही. या स्थितीला समतोल म्हणतात. हा समतोल आकड्यांनी काढण्याच्या पद्धतींचा इतिहास मुख्यतः एका प्रश्नाभोवती फिरतो : जी स्थिती कोणीही योजलेली नसते, ती कोणीतरी योजली आहे असे मानून काढता येईल काय?

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील लासलगाव येथे या प्रश्नाचे उदाहरण लिलावाच्या प्रत्येक दिवशी पाहावयास मिळते. तेथील कृषी उत्पन्न बाजार समिती १९४७ साली स्थापन झाली व आशियातील कांद्याची सर्वांत मोठी बाजारपेठ अशी तिची ख्याती आहे. आवारात रांगेने उभ्या असलेल्या वाहनांतील कांद्याचा उघड लिलाव होतो आणि क्विंटलमागे किमान, कमाल व सर्वसाधारण असे तीन दर जाहीर होतात. बोली लावणारा व्यापारी मुंबई, दिल्ली वा कोलकाता येथील भाव, गाडीभाडे, गोणी, हमाली आणि वाटेत होणारी घट मनात धरूनच आकडा उच्चारतो.

उदाहरणादाखल लासलगावचा भाव क्विंटलला १,५०० रु., मुंबईपर्यंतचा खर्च २०० रु. व दिल्लीपर्यंतचा ५०० रु. धरू. मुंबईस कांदा जात असेल, तर समतोलात तेथील भाव १,७०० रु. असला पाहिजे, तो अधिक असेल तर आणखी गाड्या तिकडे वळतील व भाव उतरेल. दिल्लीचा भाव मात्र १,९०० रु. असेल, तर तिकडे एकही गाडी जाणार नाही. म्हणजे प्रत्येक मार्गावर दोहोंपैकी एक गोष्ट खरी असते : एकतर भावांतील फरक वाहतूकखर्चाइतका असतो, नाहीतर त्या मार्गाने जाणारा माल शून्य असतो. या नियमास पूरकतेची अट म्हणतात. व्यापाऱ्याला ती शिकवावी लागत नाही. गणितज्ञांना मात्र ती नीट हाताळण्यास शंभरावर वर्षे लागली.

परस्परांशी जोडलेल्या बाजारांचा गणिती विचार फ्रेंच गणितज्ञ ऑग्यूस्तँ कूर्नो (१८०१–७७) यांनी १८३८ च्या आपल्या ग्रंथात केला. लेआँ व्हालरा (१८३४–१९१०) यांनी १८७४ पासून सर्व वस्तूंच्या बाजारांची समीकरणे एकत्र मांडली आणि समीकरणे व अज्ञात राशी यांची संख्या सारखी असल्याने उत्तर असणारच, असे गृहीत धरले. हे गृहीत फसवे होते. कोणते मार्ग वापरात राहतील व कोणते ओस पडतील हे आधी ठाऊक नसते. त्यामुळे कोणती समीकरणे लिहावयाची हेच ठरत नाही. येथे समीकरणांऐवजी असमतांचे गणित हवे होते. समतोलाच्या अस्तित्वाची सर्वसाधारण सिद्धता केनेथ ॲरो व झेरार दब्रू यांनी १९५४ साली स्थिरबिंदू प्रमेयाच्या साहाय्याने दिली. समतोल आहे एवढे त्यामुळे कळले. तो शोधावयाचा कसा, हे कळले नाही.

शोधण्याची वाट वेगळ्याच दिशेने उघडली. प्लायवुड कारखान्यातील यंत्रांना कामे कशी वाटावी, या प्रश्नावरून लेनिनग्राडचे गणितज्ञ लेओनिद कांतोरोव्हिच (१९१२–८६) यांनी १९३९ मध्ये रेषीय कार्यक्रमणाची मूळ कल्पना मांडली. अनेक ठिकाणचा माल अनेक ठिकाणी किमान खर्चात कसा पोहोचवावा, हा वाहतुकीचा प्रश्न अमेरिकेत फ्रँक हिचकॉक यांनी १९४१ मध्ये मांडला, तर ट्यालिंग कूपमान्स (१९१०–८५) यांनी युद्धकालीन जहाजवाहतुकीच्या संदर्भात त्याचा अभ्यास केला. जॉर्ज डँट्झिग (१९१४–२००५) यांची सिंप्लेक्स पद्धत १९४७ ची. कांतोरोव्हिच व कूपमान्स यांना १९७५ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या साऱ्या कामातून एक अनपेक्षित गोष्ट हाती आली. किमान खर्चाची योजना काढताना प्रत्येक ठिकाणच्या मालासाठी एक आकडा आपोआप मिळतो. एक क्विंटल अधिक मिळाल्यास एकूण हिशेबात किती फरक पडेल, हे तो सांगतो. त्यास छायाकिंमत म्हणतात. योजनेत बाजार कोठेच नसतो, तरीही भाव मिळतो.

या दोन वाटा १९५१-५२ मध्ये एकत्र आल्या. स्टीव्हन एंकी यांनी १९५१ साली दूरस्थ बाजारांचा प्रश्न विद्युत् मंडलाने सोडवून दाखविला. त्यात विद्युत् दाब म्हणजे भाव व प्रवाह म्हणजे मालाची ने-आण. तारा जोडल्या की मंडल आपोआप स्थिरावे आणि भाव मापकावर वाचता येत. पुढील वर्षी पॉल सॅम्युएल्सन (१९१५–२००९) यांनी त्यामागील मर्म उलगडले. प्रत्येक ठिकाणच्या मागणी व पुरवठ्याच्या वक्रांखालील क्षेत्रांवरून एक निव्वळ लाभाची राशी काढावी, तीतून वाहतूकखर्च वजा करावा आणि उरलेली राशी महत्तम करावी. तेव्हा मिळणारे भाव व ने-आण म्हणजेच समतोल. वास्तविक बाजारात ही राशी वाढविण्याचा विचार कोणीच करीत नाही. लासलगावचा व्यापारी स्वतःचा नफा पाहतो आणि शेतकरी स्वतःचा भाव. तरीही निष्पत्ती जणू एखाद्या योजकाने काढल्यासारखी असते. टी. ताकायामा व जॉर्ज जज यांनी १९६४ पासून हे रूप द्विघाती कार्यक्रमणाने प्रत्यक्ष गणनेस आणले व कृषिमालाच्या अभ्यासात ते रूढ झाले.

कांद्याच्या बाबतीत या प्रतिमानास काळाची जोड द्यावी लागते. उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो व चाळीत ठेवून पावसाळाभर विकला जातो. खरिपाचा लाल कांदा साधारण ऑक्टोबरपासून येतो आणि त्यामागून रांगडा. मे महिन्यातून सप्टेंबरात कांदा ‘नेणे’ ही गणिताच्या दृष्टीने वाहतूकच होय. सड, मोड व वजनातील घट हे तिचे भाडे. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये लासलगाव येथे उभारलेले किरणन केंद्र मोड येणे थोपवून हेच भाडे कमी करण्याचा प्रयत्न करते. लागवड मात्र आजच्या भावावर होते आणि पीक काही महिन्यांनी येते. अशा विलंबामुळे भाव वरखाली हेलकावतात, या विवेचनास निकोलस कॅल्डॉर यांनी १९३४ मध्ये कोळ्याच्या जाळ्याचे नाव दिले. समतोल अस्तित्वात असला म्हणून बाजार तेथे पोहोचतोच असे नाही.

सॅम्युएल्सन यांच्या युक्तीला आणखी एक मर्यादा आहे. लाल कांद्याच्या भावाचा उन्हाळ कांद्याच्या मागणीवर जितका परिणाम होतो, तितकाच उलट दिशेने होत असेल, तरच महत्तम करावयाची राशी अस्तित्वात असते. ही सममिती प्रत्यक्षात क्वचितच आढळते. ती नसेल तर कल्पित योजक नाहीसा होतो. समतोल मात्र उरतो. मग तो काढावा कसा? याचे साधन यामिकीतून आले. कठीण पृष्ठावर टेकलेल्या स्थितिस्थापक पदार्थाचा इटालियन गणितज्ञ सिन्योरिनी यांचा प्रश्न फिकेरा यांनी सोडविला आणि ग्वीदो स्टांपाकिया (१९२२–७८) यांनी १९६४ पासून विचरणी असमतांचा सिद्धांत उभारला. पदार्थ पृष्ठाला टेकतो तेथे दाब असतो, सुटतो तेथे दाब शून्य. मार्गावर माल असणे वा नसणे याचेच हे दुसरे रूप. मायकेल फ्लोरियन व मार्क लॉस यांनी १९८२ मध्ये दूरस्थ बाजारांचा समतोल या भाषेत मांडला. राशीच नसल्यामुळे येथे चढ शोधता येत नाही. एक पाऊल अंदाजाने टाकून तेथील दिशेनुसार पहिले पाऊल सुधारावयाचे, ही कोर्पेलेविच यांची १९७६ ची रीत अशा वेळी उपयोगी पडते.

मुंबईच्या आयआयटीचे पदवीधर नरेंद्र करमरकर यांनी १९८४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत असताना रेषीय कार्यक्रमणाची नवी पद्धत प्रसिद्ध केली. सिंप्लेक्स पद्धत बहुपृष्ठकाच्या कडेकडेने जाते. करमरकरांची आतून मार्ग काढते. तिच्यापासून वाढलेल्या अंतर्गत-बिंदू पद्धती पुढे पूरकतेच्या प्रश्नांसही लागू झाल्या.

या गणिताची कसोटी निर्यातीवरील निर्बंधांच्या वेळी लागते. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र शासनाने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसविले, तेव्हा लासलगावसह नाशिक जिल्ह्यातील लिलाव काही दिवस बंद राहिले. ८ डिसेंबर २०२३ पासून ४ मे २०२४ पर्यंत निर्यातबंदी होती. प्रतिमानात बंदी म्हणजे काही मार्ग पुसून टाकणे; पण परदेशी भाव हा लासलगावचा भाव, वाहतूक व शुल्क यांच्या बेरजेहून कमी पडला, तर शुल्कानेही त्या मार्गावरील माल शून्यच होतो. पीक निघून गेल्यावर पुरवठा बदलता येत नाही. म्हणून मुंबईच्या ग्राहकाला क्विंटलमागे जितकी सूट मिळते, तितकी जवळजवळ सर्व लासलगावच्या भावातून जाते. परदेशी विक्रीतून हुकलेली रक्कम वेगळीच. निव्वळ लाभाच्या बेरजेत शेतकऱ्याचा रुपया व ग्राहकाचा रुपया सारखाच मोजला जातो. ते वजन तसे का धरावे, हे सॅम्युएल्सन यांच्या राशीत कोठेही लिहिलेले नाही. बंदी उठल्यावरही राहिलेले शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये २० टक्क्यांवर आणण्यात आले व १ एप्रिल २०२५ पासून ते रद्द झाले.