पिस्तूल एक, कसोट्या अनेक : स्पर्धेच्या प्रकारानुसार पिस्तुलाची जुळवणी

जळगाव/धुळे, प्रतिनिधी

नेमबाजीत यश मिळते ते नजरेच्या आणि मनाच्या स्थैर्यावर, हे खरेच. मात्र स्थिर हातालाही चुकीच्या मापाची मूठ आणि बेताल चाप दगा देतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये (2021) मनू भाकरला याचा अनुभव आला. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत ऐन वेळी पिस्तुलात तांत्रिक बिघाड झाला, मोलाची मिनिटे वाया गेली आणि ती बाराव्या स्थानावर राहिली. त्याच प्रकारात 2024 मध्ये पॅरिसला तिने कांस्यपदक मिळवले. बिघाड केव्हा होईल हे नेमबाजाच्या हाती नसते, पण आपल्या पिस्तुलाचा प्रत्येक स्क्रू कशासाठी आहे हे ठाऊक असणे निश्चितच त्याच्या हाती असते.

खानदेशातील नवोदितांसाठी ही जाण अधिक गरजेची ठरते. पुण्याचे बालेवाडी क्रीडासंकुल किंवा मुंबईत वरळीचे महाराष्ट्र रायफल असोसिएशनचे मैदान जळगावहून सुमारे चारशे किलोमीटरवर आहे. चाप पाच ग्रॅमने हलका झाला म्हणून दर वेळी तेथवर धाव घेणे कोणालाही परवडणारे नाही. जिल्हा पातळीवरून राज्य, तेथून मावळंकर स्पर्धा किंवा विभागीय स्पर्धा आणि पुढे राष्ट्रीय स्पर्धा अशी ही वाट आहे. अखिल भारतीय मावळंकर स्पर्धेला ज्यांचे नाव आहे, ते लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर हे अहमदाबादच्या मराठी कुटुंबातील. 1951 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे ते पहिले अध्यक्ष होते.

प्रकार कोणते?

पिस्तुलाचे प्रमुख स्पर्धाप्रकार पाच-सहा आहेत. दहा मीटर एअर पिस्तूल हा सर्वांत लोकप्रिय आणि नवोदितांसाठी पहिला प्रकार. पंचवीस मीटरवर महिलांचे स्पोर्ट्स पिस्तूल, पुरुषांचे रॅपिड फायर, सेंटर फायर आणि स्टँडर्ड पिस्तूल हे प्रकार येतात. पन्नास मीटरवर फ्री पिस्तूल खेळले जाते. पॅरिस ऑलिंपिकमध्ये यांपैकी एअर पिस्तूल (पुरुष, महिला व मिश्र जोडी), महिलांचे पंचवीस मीटर पिस्तूल आणि पुरुषांचे रॅपिड फायर एवढेच प्रकार होते. पन्नास मीटर पिस्तूल 2016 च्या रिओ ऑलिंपिकनंतर ऑलिंपिकमधून वगळण्यात आले.

परदेशात ‘प्रॅक्टिकल’ नेमबाजीचा वेगळा पंथ आहे. तेथे धावत, वळत नेम साधायचा असतो. ‘प्रॉडक्शन’ विभागात पिस्तूल जवळजवळ कारखान्यातून आले तसेच वापरावे लागते, तर ‘ओपन’ विभागात लाल ठिपक्याची दुर्बीणही चालते. आपल्याकडील मावळंकर आणि राष्ट्रीय स्पर्धांची वाट मात्र आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या प्रकारांमधूनच जाते. तेथे एका हातानेच नेम धरायचा असतो आणि दुर्बीण वा भिंग पिस्तुलावर मुळीच चालत नाही.

मर्यादेची चौकट

स्पर्धेपूर्वी पिस्तुलाची तपासणी होते. एअर पिस्तुलाचे कॅलिबर 4.5 मिलिमीटर, वजन जास्तीत जास्त 1500 ग्रॅम आणि चापाचा भार किमान 500 ग्रॅम असावा लागतो. संपूर्ण पिस्तूल 420 × 200 × 50 मिलिमीटरच्या पेटीत बसले पाहिजे. पंचवीस मीटरच्या पिस्तुलांना मर्यादा अधिक कडक आहेत. वजन 1400 ग्रॅम, पेटी 300 × 150 × 50 मिलिमीटर, नळी 153 मिलिमीटरपर्यंत आणि पुढच्या-मागच्या नेमखुणांतील अंतर 220 मिलिमीटरपर्यंत. चाप मात्र दुप्पट जड, म्हणजे किमान 1000 ग्रॅमचा. पॉइंट टू टू पिस्तुलात 5.6 मिलिमीटरची लाँग रायफल गोळी वापरतात. सेंटर फायरमध्ये 7.62 ते 9.65 मिलिमीटरची गोळी चालते. नऊ मिलिमीटरचे पिस्तूल भारतात सर्वसामान्य नागरिकांसाठी निषिद्ध असल्याने आपल्याकडे बहुधा पॉइंट थ्री टूचा आधार घेतला जातो. पन्नास मीटरच्या फ्री पिस्तुलाला नावाप्रमाणे वजनाचे, आकाराचे वा चापाच्या भाराचे बंधन नाही.

चापाची तपासणी साधी पण निष्ठुर असते. नळी उभी धरून चापाच्या मध्यभागी ठरावीक वजन अडकवतात आणि पिस्तूल वर उचलतात. वजन जमिनीपासून पूर्ण सुटले आणि चाप पडला नाही, तर पिस्तूल उत्तीर्ण. म्हणूनच चाप बरोबर 500 ग्रॅमवर ठेवण्याचा मोह टाळून तो दहा-वीस ग्रॅम वर ठेवणे शहाणपणाचे असते. प्रवासातील हादरे व तापमानातील फरक यांमुळे तो किंचित सरकू शकतो. स्पर्धेनंतर अचानक होणाऱ्या तपासणीत भार कमी भरला, तर दिवसभराचे गुण क्षणात मातीमोल होतात.

मूठ : सर्वांत आधी

पिस्तुलाच्या जुळवणीची सुरुवात मुठीपासून करावी. लाकडी मुठी लहान, मध्यम, मोठ्या अशा मापांत मिळतात, पण तयार मूठ कोणाच्याही हातात नेमकी बसत नाही. कानस व पॉलिश कागदाने जास्तीचे लाकूड काढणे आणि उणे असेल तेथे लाकडाची पुट्टी भरणे, हे काम नेमबाजाला स्वतः शिकावे लागते.

कसोटी सोपी आहे. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून ते सहज पकडावे, डोळे मिटून हात लक्ष्याच्या उंचीवर न्यावा आणि डोळे उघडावेत. पुढची माशी मागच्या खाचेत मध्यभागी आपोआप आलेली दिसली तर मूठ जमली. माशी सतत एका बाजूला दिसत असेल, तर मनगट वाकवून ती सरळ करू नये. मुठीचा कोन बदलावा. वाकवलेले मनगट पहिल्या वीस गोळ्यांत तक्रार करत नाही. साठ गोळ्यांच्या अखेरीस मात्र ते थरथरू लागते.

तळहाताखालचा आधार हाताला घट्ट टेकलेला असावा, पण रक्तप्रवाह अडवणारा नसावा. तर्जनी मुठीला स्पर्श करता कामा नये, अन्यथा चाप ओढताना मूठही ढकलली जाते. नियमांचेही भान हवे. मुठीचा कोणताही भाग हाताला वेढणारा नसावा, तळहाताचा आधार वर वळलेला नसावा आणि मनगटाला कसलाही आधार मिळता कामा नये. पिस्तूल धरलेल्या हातात घड्याळ, कडे वा पट्टा चालत नाही.

चाप : भाराची वाटणी

चाप सहसा दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात बहुतेक भार उचलला जातो, दुसऱ्यात उरलेला थोडा भार सुटून गोळी निघते. एअर पिस्तुलात पहिल्या टप्प्यावर सुमारे चारशे ग्रॅम आणि दुसऱ्यावर उरलेला भार, अशी वाटणी अनेकांना रुचते. दुसरा टप्पा फार हलका ठेवला, तर धडधडत्या हातून गोळी आधीच सुटते. फार जड ठेवला, तर बोट ताठरते.

रॅपिड फायरचे गणित निराळे आहे. तेथे पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या 8, 6 आणि शेवटी 4 सेकंदांत झाडायच्या असतात. हात 45 अंश खाली ठेवून सुरुवात करावी लागते. टप्प्याची भिंत शोधायला तेथे वेळच नसतो. त्यामुळे अनेक नेमबाज सलग घरंगळत जाणारा चाप पसंत करतात. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विजय कुमारने रौप्यपदक मिळवले ते याच प्रकारात.

पाव मिलिमीटरचा हिशेब

नेमखुणांची जुळवणी किती सूक्ष्म असते, हे आकड्यांतून कळते. एअर पिस्तुलात माशी व खाच यांत साधारण 340 मिलिमीटर अंतर धरले, तर माशी खाचेत 0.1 मिलिमीटर सरकली की दहा मीटरवर छर्रा सुमारे 2.9 मिलिमीटर भरकटतो. दहाच्या वर्तुळाचा व्यास 11.5 मिलिमीटर. छऱ्याची कड वर्तुळाला लागली तरी गुण मिळतो, हे धरूनही माशी पाव मिलिमीटरहून किंचित अधिक सरकली की दहाचा नऊ होतो.

पंचवीस मीटरवर 220 मिलिमीटर अंतराच्या पिस्तुलात तीच 0.1 मिलिमीटरची चूक सुमारे 11.4 मिलिमीटर होते. अचूकता फेरीतील दहाचे वर्तुळ 50 मिलिमीटरचे असल्याने येथेही सवलत पाव मिलिमीटरचीच. वेगवान फेरीच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ 100 मिलिमीटरचे असते आणि सवलत जवळजवळ दुप्पट होते. उलट हात संपूर्ण नेमखुणांसह समांतर हलला, तर छर्राही तेवढाच हलतो, अधिक नाही. म्हणूनच अनुभवी प्रशिक्षक ‘लक्ष्य धूसर दिसू द्या, माशी स्पष्ट पाहा’ असे सांगतात. चष्मा घ्यायचा तोही माशी स्पष्ट दिसेल असा.

माशीच्या दोन्ही बाजूंस खाचेत समान प्रकाश दिसला पाहिजे. शांतपणे नेम साधायच्या प्रकारात ही फट थोडी अरुंद चालते. वेगवान प्रकारात ती रुंद ठेवल्यास माशी चटकन सापडते. गोळ्या डावीकडे पडत असतील, तर मागची खाच उजवीकडे न्यावी. खाली पडत असतील, तर खाच वर घ्यावी. मात्र एका गोळीवरून स्क्रूला हात लावू नये. किमान पाच गोळ्यांचा पुंजका पाहूनच निर्णय घ्यावा.

प्रकारागणिक तोल

एअर पिस्तुलात साठ गोळ्यांसाठी सव्वा तास मिळतो. महिलांनाही 2018 पासून चाळीसऐवजी साठ गोळ्या आहेत. नळीखाली जादा वजन लावल्यास पिस्तूल स्थिरावते, पण सव्वा तास ते पेलणारा खांदा हवा. वजन 1500 ग्रॅमच्या आत भरते म्हणून ते पेलतेच असे नाही.

महिलांच्या पंचवीस मीटर पिस्तुलात एकाच शस्त्राला दोन स्वभाव धारण करावे लागतात. पहिल्या तीस गोळ्या शांतपणे, प्रत्येक पाच गोळ्यांना पाच मिनिटे. पुढच्या तीस गोळ्यांत लक्ष्य दर वेळी केवळ तीन सेकंद समोर असते. मूठ व चाप दोहोंना सोयीचे असे मधल्या मापाचे ठेवावे लागतात. हा प्रकार महाराष्ट्राने गाजवला आहे. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत अनिसा सय्यदने वैयक्तिक सुवर्ण व कोल्हापूरच्या राही सरनोबतने रौप्य मिळवले, तर दोघींनी मिळून दुहेरीचे सुवर्ण जिंकले. राहीने 2018 मध्ये पालेमबंगला आशियाई सुवर्णपदक पटकावले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली.

स्टँडर्ड पिस्तुलात वीस-वीस गोळ्या अनुक्रमे 150, 20 आणि 10 सेकंदांच्या फेऱ्यांत झाडायच्या असतात. तिन्ही वेळा लक्ष्य अचूकतेचेच, म्हणजे लहान वर्तुळाचे. येथे धक्क्यानंतर पिस्तूल पुन्हा त्याच जागी येणे महत्त्वाचे असते. त्यासाठी नळीकडे थोडे वजन व घट्ट बसणारी मूठ उपयोगी पडते. सेंटर फायरमध्ये धक्का मोठा असल्याने हे दुपटीने लागू होते. 1990 च्या ऑकलंड राष्ट्रकुल स्पर्धेत मुंबईच्या अशोक पंडित यांनी याच प्रकारात सुवर्णपदक मिळवले होते.

उन्हाळा आणि सिलिंडर

जळगाव-भुसावळचा पारा उन्हाळ्यात 45 अंशांपलीकडे जातो. हवेने भरलेला सिलिंडर तापलेल्या मोटारीत ठेवणे सर्वथा धोक्याचे आहे. सिलिंडरवर मुदतीची तारीख कोरलेली असते. मुदत टळलेला सिलिंडर वापरू नये. ती जबाबदारी नेमबाजाचीच असते. घामाने मूठ निसटू नये म्हणून लाकडाचा पृष्ठभाग खरखरीत ठेवावा. छर्रे व गोळ्या एकाच उत्पादन-तुकडीच्या घ्याव्यात आणि दोन-तीन प्रकार तपासून पाहिल्याशिवाय मोठी खरेदी करू नये. भुसावळ तालुक्यातील वरणगावचा आयुध निर्माणी कारखाना लहान शस्त्रांच्या काडतुसांसाठी देशभर ओळखला जातो. क्रीडा-नेमबाजीच्या गोळ्यांचे मोजमाप मात्र स्वतंत्र असते.

परवाना आणि सुरक्षितता

पॉइंट टू टू व सेंटर फायर पिस्तुलांना शस्त्र कायदा 1959 नुसार परवाना अनिवार्य आहे. 4.5 मिलिमीटर व 20 ज्यूल ऊर्जेच्या मर्यादेतील एअर पिस्तुलाला तशा परवान्याची गरज नसते. म्हणूनच नवोदिताने सुरुवात त्यापासून करावी. परवाना नसला तरी शिस्तीतून सूट नाही. नळी सदैव लक्ष्याच्या दिशेने, गोळीबार नसताना नळीत सुरक्षा-दोरी आणि आदेश येईपर्यंत बोट चापाबाहेर, हे तीन नियम कोणत्याही जुळवणीच्या आधी येतात.

एकदा जुळवणी झाली की मुठीचा कोन, चापाचा भार, खाचेची रुंदी व स्क्रूच्या खुणा वहीत नोंदवाव्यात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि आठवडाभर ती तपासावी. स्पर्धेच्या आदल्या दिवशी काहीही बदलू नये. नियमांत वेळोवेळी दुरुस्त्या होत असल्याने नाव नोंदवण्यापूर्वी चालू नियमपुस्तिका पाहणेही आवश्यक आहे. महागडे पिस्तूल घेणे ज्याला शक्य नाही, त्यानेही निराश होऊ नये. क्लबच्या साध्या पिस्तुलाची मूठ हाताला नीट बसली आणि चाप प्रामाणिक असला, तर राज्य स्पर्धेची दारे त्यालाही खुली आहेत.