सावलीतला फोटो आणि डग साल्दान्या

दिलीपकुमार म्हणजे यूसुफ खान आणि मीनाकुमारी म्हणजे महजबीन बानो, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. बाजारात खपेल असं नाव घ्यायची ही रीत मुंबईपुरती नाही. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातला गायक डग साम याची कहाणी वाचताना मला ती पावलोपावली भेटली.

साम जन्माला आला ६ नोव्हेंबर १९४१ रोजी, सान अँटोनिओ शहरात. घराणं जर्मन वंशाचं, शेजारपाजार काळ्या आणि मेक्सिकन लोकांचा. घरासमोरच्या नाचघरातून ब्लूज ऐकू यायचे, रेडिओवर कंट्री, आणि गल्लीत अ‍ॅकॉर्डियन. हे वाद्य मूळचं मेक्सिकोचं नव्हे. एकोणिसाव्या शतकात जर्मन आणि चेक वसाहतवाले ते आपल्या पोल्का नाचाबरोबर घेऊन आले, आणि मेक्सिकन शेतमजुरांनी ते असं आपलंसं केलं की आज ते त्यांचंच वाटतं. आपल्या हार्मोनियमचं ते भावंडच, दोघांच्याही पोटात भात्याची हवा रीडमधून जाते. परदेशी पेटी आपल्याकडे नाट्यसंगीतात आणि कव्वालीत मुरली, तसंच ते तिकडे मुरलं.

डग लहानपणीच स्टील गिटार वाजवायचा, 'लिटल डग' म्हणून ओळखला जायचा. १९५२ च्या डिसेंबरात, अकरा वर्षांचा असताना, तो ऑस्टिनमध्ये हँक विल्यम्सच्या कार्यक्रमात मंचावर होता. त्यानंतर दोनच आठवड्यांत हँक वारला.

१९६४ मध्ये बीटल्सनी अमेरिका काबीज केली आणि इंग्रज नसलेल्याला रेकॉर्ड विकणं अवघड झालं. ह्युस्टनचा निर्माता ह्यूई मो यानं तोड काढली. सामच्या टोळीला त्यानं नाव दिलं 'सर डग्लस क्विंटेट'. म्हणजे जणू लंडनची खानदानी मंडळी! केस वाढवले, आणि फोटोत चेहरे सावलीत ठेवले. कारण उघड होतं. ड्रमवरचा जॉनी पेरेझ कुठल्याच कोनातून इंग्रज दिसला नसता. १९६५ मधलं त्यांचं 'शीज अबाउट अ मूव्हर' अमेरिकेच्या यादीत तेराव्या क्रमांकापर्यंत गेलं. गंमत अशी, की त्या गाण्यात लंडन शोधूनही सापडत नाही. ऑगी मायर्सच्या ऑर्गनचा तो ठेका ऐका. सान अँटोनिओच्या नाचघरातला अ‍ॅकॉर्डियनच विजेवर चढवलाय. चेहरे लपले, पण हातांनी गाव सांगून टाकलं.

त्याच वर्षाच्या अखेरीस गांजाच्या गुन्ह्यात अटक झाली, मग साम कॅलिफोर्नियात गेला. तिथल्या समुद्रकाठच्या गावावर केलेलं 'मेंडोसिनो' (१९६९) युरोपात खूप चाललं. पण मला त्या गाण्यापेक्षा १९७१ चा अल्बम महत्त्वाचा वाटतो. त्याचं नाव, 'द रिटर्न ऑफ डग साल्दान्या'. साल्दान्या हे अस्सल मेक्सिकन आडनाव. सहा वर्षांपूर्वी ज्याला इंग्रज सरदार बनवलं होतं, तो गोरा माणूस आता स्वतःहून मेक्सिकन नाव मिरवत होता. अर्थात, असं नाव घेणं त्याला परवडत होतं हेही लक्षात ठेवावं. चामडी गोरी असली की नाव हौसेनं बदलता येतं.

ज्याला परवडत नव्हतं, त्याचं गाणं याच अल्बमवर आहे. बाल्देमार ह्युएर्ता हा सरहद्दीजवळच्या सान बेनितोचा गायक. गोऱ्या गिऱ्हाइकाला पचावं म्हणून १९५९ मध्ये तो फ्रेडी फेंडर झाला. आडनाव कुठून घेतलं? वाद्यावर छापलेल्या कंपनीच्या नावावरून! पुढं तोही गांजापायी लुइझियानाच्या तुरुंगात गेला, आणि सुटल्यावर बरीच वर्षं विस्मरणात गेला. सामनं त्याचं 'वेस्टेड डेज अँड वेस्टेड नाइट्स' गाऊन त्याची आठवण जागी ठेवली. १९७५ मध्ये फेंडर एका गाण्यानं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचला. त्या गाण्यात एक कडवं सरळ स्पॅनिश आहे. निर्माता? तोच ह्यूई मो.

मधल्या काळात, १९७३ मध्ये, अटलांटिक कंपनीनं 'डग साम अँड बँड' काढला. बॉब डिलन, डॉक्टर जॉन, अ‍ॅकॉर्डियनवर फ्लाको हिमेनेझ, एवढी माणसं जमवूनही तो फारसा विकला गेला नाही. दुकानदारांना तो कुठल्या कप्प्यात ठेवायचा तेच कळलं नसावं.

१९९० साली साम, मायर्स, फेंडर आणि फ्लाको 'टेक्सास टोर्नेडोज' म्हणून एकत्र आले. पहिला अल्बम त्यांनी दोनदा काढला, एक इंग्रजी श्रोत्यांसाठी आणि एक स्पॅनिश. 'सोय दे सान लुइस'ला ग्रॅमी मिळालं. या वेळी चेहरे सावलीत ठेवण्याची गरज कुणाला वाटली नाही. तरीही टोर्नेडोजमध्ये फेंडर फेंडरच राहिला, बाल्देमार हे नाव रेकॉर्डच्या शीर्षकात आलं ते २००२ मध्ये.

१८ नोव्हेंबर १९९९ रोजी न्यू मेक्सिकोतल्या ताओस गावी हृदयविकारानं साम गेला, वय अठ्ठावन्न. दफन सान अँटोनिओत झालं. त्याचा मुलगा शॉन पुढं टोर्नेडोजबरोबर गात राहिला. ऐकायचंच असेल तर आधी १९६५ चं गाणं लावा आणि लगेच १९९० चा अल्बम. ऑर्गन आणि अ‍ॅकॉर्डियन शेजारी शेजारी ऐकू येतील.