रक्तवाहिनीच्या अंतःस्तराचा शोध : एका प्रयोगपद्धतीचा इतिहास

प्रस्तावना

रक्तवाहिनीची आतील बाजू पेशींच्या एकेरी थराने आच्छादलेली असते. या थरास अंतःस्तर म्हणतात. १९८० पर्यंत धमनीच्या आकुंचन-शिथिलनाच्या अभ्यासात या थराला फारसे स्थान नव्हते. रक्त आणि स्नायू यांच्यामधील अस्तर, अशीच मुख्यतः त्याची ओळख होती. ही समजूत का टिकली आणि ती कशी बदलली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

विसंगतीची सत्तावीस वर्षे

ॲसिटिलकोलीन शिरेतून दिल्यास प्राण्याच्या रक्तवाहिन्या शिथिल होतात व रक्तदाब उतरतो, हे पूर्वीपासून ज्ञात होते. परंतु १९५३ मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या सर्पिलाकार कापलेल्या पट्टीवर प्रयोग केले, तेव्हा त्याच द्रव्याने पट्टीचे केवळ आकुंचन झाले. सजीव देहातील आणि प्रयोगशाळेतील निष्कर्षांत असा थेट विरोध असूनही त्याचा उलगडा झाला नाही.

मे १९७८ मध्ये ब्रुकलिन येथील फर्चगॉट यांच्या प्रयोगशाळेत सहायकाकडून द्रव्ये देण्याच्या क्रमात चूक झाली. आधीच्या द्रव्याने आकुंचित असलेल्या धमनीवरच ॲसिटिलकोलीनसारखे कार्य करणारे कार्बाकोल पडले आणि धमनी शिथिल झाली. फर्चगॉट यांनी ही नोंद सदोष म्हणून बाजूला सारली नाही. पुढील तपासात असे आढळले की, पट्टी तयार करताना तिची आतील बाजू नकळत घासली जात असे व अंतःस्तर निघून जात असे. तो जपल्यास तुकडा कोणत्याही आकाराचा असो, शिथिलन होई. मुद्दाम घासून काढल्यास ते नाहीसे होई. अंतःस्तरविरहित पट्टीला अंतःस्तरयुक्त पट्टी जोडली असता पहिलीही शिथिल झाली. अर्थात, अंतःस्तरातून एखादे द्रव्य स्रवत असले पाहिजे. फर्चगॉट व जॉन झवाड्झकी यांनी हे निष्कर्ष १९८० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले.

अज्ञात द्रव्याची ओळख

हृदयशूळावर नायट्रोग्लिसरीनचा उपयोग विल्यम मरेल यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्याचे कार्य मात्र अज्ञात होते. अशा औषधांपासून नायट्रिक ऑक्साइड वायू मुक्त होतो व तो ग्वानिलेट सायक्लेज या विकरास उद्दीपित करतो, असे १९७७ मध्ये फरीद मुराद यांनी दाखविले. १९८६ मध्ये फर्चगॉट व लुई इग्नारो यांनी स्वतंत्रपणे असे प्रतिपादन केले की, अंतःस्तरातून स्रवणारे द्रव्य नायट्रिक ऑक्साइडच असावे. १९८७ मध्ये इंग्लंडमधील साल्व्हादोर मोंकादा यांच्या गटाने त्यास भक्कम पुरावा दिला आणि पुढील वर्षी हा वायू एल-आर्जिनीन या अमिनो आम्लापासून तयार होतो, हेही दाखविले. अंतःस्तरात निर्माण झालेला वायू शेजारच्या स्नायुपेशीत शिरतो, तेथे चक्रीय जीएमपीचे प्रमाण वाढते व स्नायू सैलावतो.

१९८८ मध्येच जपानमधील यानागिसावा, मासाकी व सहकाऱ्यांनी अंतःस्तरातून एंडोथेलीन हे २१ अमिनो आम्लांचे प्रबळ आकुंचनकारक द्रव्य वेगळे केले. आकुंचन आणि शिथिलन या दोन्ही बाजूंवर अंतःस्तराचे नियमन चालते, हे यामुळे स्पष्ट झाले.

समारोप

१९९८ चे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना मिळाले. मोंकादा यांना वगळल्याबद्दल वाद झाला आणि तो निराधार नव्हता. पारितोषिक तिघांपुरते मर्यादित असते, शोध मात्र अनेकांचा असतो.

१९५३ चे निरीक्षण खोटे नव्हते. ज्या थराविषयी प्रश्न विचारायला हवा होता, तोच थर नमुना तयार करताना नष्ट होत होता. एखादी गोष्ट आढळली नाही, एवढ्यावरून ती नाही असे ठरत नाही. आपल्या पद्धतीने ती पुसली तर नाही ना, हे आधी तपासावे लागते. महाविद्यालयीन प्रात्यक्षिकांत अपेक्षेबाहेरचे वाचन खोडून ‘योग्य’ आकडा लिहिण्याची सवय सहज लागते. त्या दृष्टीने हा इतिहास शरीरक्रियाशास्त्राइतकाच अध्यापनाच्याही विचाराचा विषय ठरतो.