एका कर्करोगाचा इतिहास : व्हेरोना ते उस्मानाबाद

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह आणि राजांच्या वंशावळी उभ्या राहतात. मीही वर्गात तेच शिकवितो. आज मात्र आपणास मृत्यूच्या नोंदवह्यांकडे नेणार आहे. विज्ञानाशी माझा संबंध दहावीपुरताच. तरीही हा विषय का घेतला, ते पुढे येईलच.

इटलीतील व्हेरोना शहरात रिगोनी-स्टर्न नावाचे एक वैद्य होते. त्यांनी १७६० ते १८३९ या काळातील मृत्यूंच्या नोंदी तपासल्या आणि १८४२ मध्ये निष्कर्ष मांडला. गर्भाशयाच्या कर्करोगाने विवाहित स्त्रिया व विधवा मरत होत्या. मठात राहणाऱ्या अविवाहित नन मात्र क्वचितच. म्हणजे वैवाहिक संबंधांतून काहीतरी संक्रमित होत असले पाहिजे. ते ‘काहीतरी’ सापडण्यास पुढे १४० वर्षे लागली.

१९७० च्या सुमारास बहुतेक शास्त्रज्ञांचा संशय नागिणीच्या जातकुळीतील एका विषाणूवर होता. हाराल्ड त्सूर हाउसेन या जर्मन संशोधकांना गाठींच्या नमुन्यांत तो सापडेना. त्यांना संशय होता तो चामखीळ उत्पन्न करणाऱ्या पॅपिलोमा विषाणूंवर. १९७४ मध्ये फ्लोरिडातील परिषदेत त्यांनी आपले म्हणणे मांडले, तेव्हा ते कोणी फारसे मनावर घेतले नाही. त्यांनी काम सोडले नाही. फ्रायबुर्ग विद्यापीठातील त्यांच्या प्रयोगशाळेस १९८३ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगात सोळाव्या क्रमांकाचा पॅपिलोमा विषाणू सापडला, आणि लवकरच अठरावाही. या रोगाचे शंभरातील सुमारे सत्तर रुग्ण या दोघांमुळे होतात. विशेष हे, की आपला शोध कुलूपबंद न ठेवता त्यांनी विषाणूंच्या जनुकांचे नमुने इतर संशोधकांना मोकळेपणाने वाटले. विद्यादान म्हणतात ते हेच. औषध कंपन्यांकडे ते लशीची कल्पना घेऊन गेले, तर त्यांना त्यात धंदा दिसेना! पुढे २००८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हा संसर्ग अतिशय सर्वसाधारण आहे, हे आपण ध्यानात घ्यावे. तो झाला म्हणून कोणाच्या चारित्र्याकडे बोट दाखविण्याचे कारण नाही. बहुतेकांची प्रतिकारशक्ती वर्षा-दोन वर्षांत विषाणूस हुसकून लावते. थोड्या स्त्रियांत मात्र तो ठाण मांडून बसतो, पेशींच्या वाढीस लगाम घालणारी प्रथिने निकामी करतो, आणि पंधरा-वीस वर्षांनी कर्करोग होतो. पंधरा-वीस वर्षे! ही सवड मोठीच म्हणायची.

लशीची वाट ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठात खुली झाली. १९९१ मध्ये इयान फ्रेझर व चीनमधून आलेले जियान झोऊ यांनी विषाणूचे केवळ बाहेरचे कवच तयार केले. नारळाची करवंटी घ्या. आत खोबरे नाही, पाणी नाही. ती रुजणार नाही, पण नारळ कसा असतो हे ओळखण्यास पुरेशी आहे. शरीर ही करवंटी पाहून आधीच प्रतिपिंडे तयार ठेवते. अमेरिकेतही असेच काम चालू होते. २००६ मध्ये लस आली, पण झोऊ १९९९ मध्येच वारले होते.

आता आपल्या घराजवळ येऊ. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सुमारे १,३१,००० स्त्रियांचा अभ्यास झाला. मुंबईचे टाटा रुग्णालय व बार्शीचे कर्करोग रुग्णालय त्यात होते. ज्या गावांत या विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच झाली, तेथे या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. हा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध होऊन जगभर गाजला.

त्याच वर्षी भारतात मुलींना लशीचे दोन की तीन डोस द्यावेत, याचा प्रयोग सुरू झाला. २०१० मध्ये दुसऱ्याच एका प्रकल्पातील मृत्यूंवरून वादळ उठले व शासनाने अशा प्रयोगांतील लसीकरण थांबविले. त्या मृत्यूंचा लशीशी संबंध असल्याचे पुढे चौकशीत आढळले नाही. पण हजारो मुलींचा एकच डोस झाला होता. संशोधकांनी त्यांची दहा वर्षे विचारपूस ठेवली, तेव्हा एक डोसही भक्कम संरक्षण देतो असे दिसले! आज ९ ते १४ वयाच्या मुलींना एक किंवा दोन डोस पुरेत, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते, त्यास या मुलींचाही आधार आहे. लशीने मूल होत नाही ही निव्वळ अफवा आहे. मात्र आधी झालेला संसर्ग तिने जात नाही; म्हणून तिशी ओलांडलेल्या आयांनी तपासणी करून घ्यावयाची.

आता ते कारण सांगतो. माझ्या एका खालाने अंगावरून रक्त जात असल्याचे वर्षभर कोणास सांगितले नाही. घरात मुलगे, जावई, सांगणार कोणाला? सांगितले तेव्हा डॉक्टरांच्या हाती फारसे उरले नव्हते. तिची मुलगी, माझी आपा, आता चाळिशी ओलांडून गेली आहे. गेल्या वर्षी माझ्या पत्नीस सोबत घेऊन ती तपासणीस जाऊन आली. पाच-दहा मिनिटे लागली, असे म्हणाली.