मॅग्नेसाइट
मॅग्नेशियम कार्बोनेट असे रासायनिक संघटन असलेले, कॅल्साइट गटातील खनिज. रंग पांढरा, करडा वा पिवळसर, कठिनता ३·५–४·५, वि. गु. सु. ३. थंड विरल हायड्रोक्लोरिक अम्लात ते जवळजवळ फसफसत नाही, गरम अम्लात फसफसते (पहा : कॅल्साइट).

ऑलिव्हीन व सर्पेंटाइन विपुल असलेल्या अत्यल्पसिकत खडकांत कार्बन डाय-ऑक्साइडयुक्त पाणी मुरले की मॅग्नेशियम सुटे होऊन मॅग्नेसाइटाच्या शिरा बनतात. तमिळनाडूतील सेलमजवळचे साठे असे आहेत, उत्तराखंडातील अल्मोडा–पिथोरागढ भागात ते डोलोमाइटासोबत स्फटिकरूपात आढळते (पहा : डोलोमाइट, सर्पेंटाइन).

भूपृष्ठीय तापमानाला मात्र त्याची निर्मिती अतिशय मंद असते. मॅग्नेशियम आयन भोवतालचे जलरेणू घट्ट धरून ठेवतो. त्यामुळे मृदेत व उथळ क्षारीय सरोवरांत बहुधा नेस्क्वेहोनाइट, हायड्रोमॅग्नेसाइट ही सजल कार्बोनेटे आधी साचतात. कॅनडातील ॲटलिन येथे ही खनिजे व मॅग्नेसाइट एकत्र आढळतात. निर्जलीकरणाने सजल कार्बोनेटांचे मॅग्नेसाइट होऊ शकते.

रूपांतरणात सिलिका व पाणी यांच्याशी विक्रिया होऊन मॅग्नेसाइटापासून संगजिरे बनते. तीव्र उष्णतेने पेरिक्लेज व पुढे जलसंयोगाने ब्रूसाइट तयार होते. उच्चतापसह विटांसाठी मॅग्नेसाइट महत्त्वाचे आहे. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड मॅग्नेसाइटाच्या घनरूपात दीर्घकाळ बांधून ठेवता येत असल्याने त्याच्या निर्मितीच्या विक्रियांचे संशोधन चालू आहे (पहा : कार्बन चक्र).