जुनी ऑडी क्यू ७ स्वस्तात मिळतेय? आधी हे तपासा

दिल्लीत १० वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या जुन्या ऑडी क्यू ७ आपल्याकडे कमी किमतीत विकायला येतात. पण गाडी स्वस्त मिळाली म्हणून पार्ट स्वस्त मिळत नाहीत.

एअर सस्पेन्शन : चाकावरचा हवेचा रबरी फुगा चिरला की हवा गळते आणि गाडी त्या बाजूला बसते. तशीच चालवली तर कंप्रेसर सतत चालून जळतो. दोन्ही कामं निघाली तर खर्च लाखावर जाऊ शकतो. गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी चारही बाजूंची उंची बघा.

टायमिंग चेन : ३.० टीडीआय इंजिनात चेन मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला असते. सकाळी पहिला सेल मारल्यावर खडखड आवाज आला तर सावध व्हा. चेन बदलायला सहसा इंजिन उतरवावं लागतं, त्यामुळे मजुरीच मोठी बसते. चेन तुटली तर इंजिन गेलंच समजा.

व्यवहाराआधी जाणकार मेकॅनिक सोबत न्या, स्कॅनर लावा, सर्व्हिसच्या नोंदी मागा. परराज्यातली गाडी असेल तर एनओसी आणि इथला रोड टॅक्सही हिशेबात धरा. किमतीशिवाय दोन-अडीच लाख दुरुस्तीला बाजूला नसतील, तर ही गाडी न घेतलेलीच बरी.